शेऱ्याच्या रकान्यातला शब्द

जिल्हा परिषदेच्या शाळांतून तीस वर्षं शिकवलं. या काळात किती प्रगतिपुस्तकं भरली असतील याचा हिशेब नाही. 'हस्ताक्षर सुंदर', 'पाढे पाठ करावेत', 'वर्गात फार बोलतो'. शेऱ्याच्या रकान्यात काय लिहायचं हे हाताला इतकं पाठ झालं होतं, की डोक्याला तसदीच पडत नसे. त्यांतल्याच एका शेऱ्याची ही गोष्ट. तो मीच लिहिला आणि मीच खोडला. लिहिताना मला अर्धं मिनिट लागलं होतं; खोडायला लागलेला वेळ मात्र पुष्कळ मोठा होता.

साल १९९४. माझी नेमणूक पाथर्डी तालुक्यात, गर्भगिरीच्या डोंगराकडेच्या एका गावात होती. आमचा जिल्हा आता अहिल्यानगर झाला आहे. आम्हा जुन्या माणसांच्या तोंडी मात्र तो अजून नगरच आहे. या जिल्ह्याचं एक अंग हिरवंगार. प्रवरेच्या काठी लोणीला विठ्ठलराव विखे पाटलांनी धनंजयराव गाडगीळांच्या साथीने सहकारी साखर कारखाना उभा केला, तो याच जिल्ह्यात. दुसरं अंग पाथर्डी, शेवगाव, जामखेडचं. दिवाळी आली की तिथली गावंच्या गावं मुकादमाची उचल घेऊन ऊस तोडायला निघतात. नवरा-बायको मिळून एक 'कोयता'. त्या कोयत्यामागे टायरगाडीत बसून पोरंही जातात. मढीच्या यात्रेच्या सुमारास, नाहीतर पाडव्यानंतर माणसं परततात आणि मग वर्गात काही चेहरे नव्याने दिसू लागतात. हजेरीपटावर सहा महिन्यांच्या फुल्या आणि समोर वार्षिक परीक्षा!

तो मुलगा त्यांच्यातलाच. वय दहा, इयत्ता चौथी. बाराखडी येत नव्हती. नाव विचारलं तर माझ्या तोंडाकडे टक लावून बघायचा आणि बराच वेळाने काहीतरी पुटपुटायचा. 'उद्या पाटी आण' म्हटलं तर दुसऱ्या दिवशी रिकाम्या हाताने यायचा. इतर मुलं हसायची, तोही त्यांच्याबरोबर हसायचा. एप्रिलमध्ये प्रगतिपुस्तकं भरत होते. मागे चाळीस पुस्तकांचा ढीग होता. त्याच्या रकान्यात मी लिहून टाकलं, 'मतिमंद'.

ना कुणाला विचारलं, ना काही तपासलं. मला दिसलं, मी लिहिलं.

पुढे जूनमध्ये तालुक्याच्या गावी अपंग मुलांच्या तपासणीचं शिबिर असल्याचं समजलं. दाखला मिळाला तर मुलाला काही सवलत मिळेल, या चांगल्या हेतूने मीच त्याला आणि त्याच्या आईला एस.टी.ने घेऊन गेले. तिथे पुण्याहून एक प्राध्यापिका आल्या होत्या. त्या चिकित्सालयीन मानसशास्त्र शिकवत. लोक ज्याला 'क्लिनिकल सायकॉलॉजी' म्हणतात, तो हा विषय. नाव छापायला त्यांची परवानगी नाही, म्हणून इथे त्यांना नुसतं 'मॅडम' म्हणते.

या विषयाबद्दल आपल्याकडे अजूनही घोटाळा होतो, म्हणून थोडं सांगते. मनोविकारतज्ज्ञ हा डॉक्टर असतो, औषधं देतो. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ औषधं देत नाही. माणसाशी बोलून, त्याचं निरीक्षण करून आणि शास्त्रीय कसोट्या वापरून अडचण नेमकी कुठे आहे ते तो शोधतो आणि बोलण्याच्या, सरावाच्या वाटेने मदत करतो. बंगळूरला १९५४ साली अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था निघाली, तिचीच आजची 'निमहान्स'. या विषयाचं पद्धतशीर प्रशिक्षण आपल्या देशात तिथे सुरू झालं. १९९२ च्या कायद्यानंतर अशा तज्ज्ञांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे होऊ लागली.

मॅडमनी मुलाला समोर बसवलं आणि एक जुनं पुस्तक, काही चित्रं, ठोकळे असं साहित्य मांडलं. ही कामत यांची कसोटी, असं त्यांनी मला सांगितलं. मी मनात म्हटलं, कामत म्हणजे आपल्याकडचंच नाव!

खरंच आपल्याकडचं. पण या कसोटीचं मूळ पॅरिसमधलं आहे. १९०४ साली फ्रान्सच्या शिक्षण खात्याला एक प्रश्न पडला होता. शिक्षण सक्तीचं झालेलं, सगळ्या थरांतली मुलं शाळेत आलेली. त्यांतल्या कोणाला वेगळी मदत लागेल, हे ओळखायचं कसं? आल्फ्रेड बिने आणि त्यांचे सहकारी थेओडोर सिमों यांनी १९०५ साली सोप्याकडून अवघडाकडे जाणारे तीस प्रश्न तयार केले. बिने यांना दोन मुली होत्या. त्यांची वाढ घरातच न्याहाळताना या माणसाची नजर तयार झाली होती. १९०८ साली त्यांनी प्रश्न वयानुसार लावले. पाच वर्षांची बहुतेक मुलं जे करतात ते पाचाच्या खणात, सहा वर्षांची करतात ते सहाच्या खणात. मूल जिथवर पोचेल ते त्याचं 'मानसिक वय'. पुढे विल्यम स्टर्न या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १९१२ साली मानसिक वयाला खऱ्या वयाने भागायची युक्ती काढली, तिला शंभराने गुणायची रीत पडली आणि 'बुद्ध्यंक' जन्माला आला. दहा वर्षांच्या मुलाचं मानसिक वय सात भरलं, तर बुद्ध्यंक सत्तर. इतकं सोपं गणित!

सोपं असल्यामुळेच त्याचा गैरवापरही झाला. बुद्धी म्हणजे कायमची ठरलेली रक्कम, तिच्यात वाढ होणं शक्य नाही, असं मानणाऱ्यांवर खुद्द बिने यांनी १९०९ सालीच कडक टीका केली होती. १९११ मध्ये ते गेले. त्यांची कसोटी अमेरिकेत नेणाऱ्या हेन्री गॉडार्ड यांनी मात्र बोटीतून उतरलेल्या, इंग्रजीचा गंध नसलेल्या गरीब स्थलांतरितांवर ती वापरली आणि त्यांतल्या कितीतरी जणांना 'मंद' ठरवून टाकलं. हे वाचलं तेव्हा मला माझा शेरा आठवला. गॉडार्डनी निदान प्रश्न तरी विचारले होते!

पॅरिसमधल्या मुलांना विचारायचे प्रश्न आपल्या मुलांना जसेच्या तसे कसे विचारायचे? नाणी वेगळी, फळं वेगळी, घरं वेगळी, वाक्याची ठेवणसुद्धा वेगळी. लाहोरच्या फोरमन ख्रिश्चन कॉलेजातल्या सी. हर्बर्ट राइस यांनी १९२० च्या दशकात हिंदुस्थानी भाषेतला पहिला प्रयत्न केला. त्यानंतर व्ही. व्ही. कामत यांनी तेव्हाच्या मुंबई इलाख्यातल्या कर्नाटक भागात, म्हणजे मराठी आणि कानडी जिथे शेजारी नांदतात तिथे, हे काम हाती घेतलं. त्यांनी मराठी आणि कानडी अशा दोन्ही भाषांत कसोटी घडवली, तिथल्या मुलांवर ती पारखली, प्रश्नांच्या जागा बदलल्या आणि १९३४ साली ती सिद्ध केली. 'मेझरिंग इंटेलिजन्स ऑफ इंडियन चिल्ड्रेन' हे त्यांचं पुस्तक. 'बिने-कामत' म्हणून ही कसोटी देशभर पोचली. हिंदी, तमीळ, बंगाली मुलांची बुद्धी मोजणाऱ्या दवाखान्यांतही आमच्या सीमाभागातल्या या माणसाचं नाव रोज घेतलं जातं आणि आपल्याला मात्र ते ठाऊक नसतं.

तर त्या दिवशी कामतांचे प्रश्न माझ्या विद्यार्थ्यापुढे आले. प्रश्न फोडायचे नसतात, म्हणून ते इथे लिहीत नाही. मूल घरी पढवून नेलं तर कसोटीच निरुपयोगी होते. बहुतेक प्रश्नांना त्याने मान हलवली. काहींना हसला. शेवटी मॅडमनी कागदावर हिशेब केला. वय दहा वर्षं, मानसिक वय सहा वर्षं दहा महिने. बुद्ध्यंक अडुसष्ट.

सत्तरच्या खाली. मला, खरं सांगते, हायसं वाटलं. माझा शेरा बरोबर निघाला होता.

मॅडमनी मात्र पेनाचं टोपण लावलं नाही. कपाळाला आठ्या घालून त्या पुन्हा एका जागी आल्या. आकडे ऐकून तसेच्या तसे म्हणायचे, असा एक प्रकार बिने यांच्या काळापासून या कसोट्यांमध्ये आहे. त्यांनी कागदात बघत आकडे वाचले. मुलगा चुकला. मग त्यांनी मान वर करून, त्याच्याकडे बघत दुसरे आकडे म्हटले. त्याने बरोबर म्हटले. मग त्यांनी वही उभी धरून तोंड झाकलं आणि पुन्हा म्हटले. मुलगा पुढे झुकला आणि विचारलं, "काय?"

"याचा कान वाहतो का हो?" मॅडमनी आईला विचारलं.

"वाहतो की. लहानपणापासनं. दोन्ही बी." आई म्हणाली. "पावसाळ्यात लईच. त्याला काय, पोरांचं वाहत्यातच कान."

दोन वर्षं तो माझ्या वर्गात मागच्या बाकावर बसत होता. उंच म्हणून मीच त्याला मागे बसवलं होतं. तो माझ्या तोंडाकडे टक लावून का बघायचा, ते मला त्या खोलीत कळलं.

मग मॅडमनी एक लाकडी फळा काढला. त्यात दहा आकारांच्या खाचा आणि त्यांत बसणारे दहा तुकडे. याला सेग्विनचा फळा म्हणतात. तीनदा करायला लावतात आणि सगळ्यात कमी लागलेला वेळ धरतात. शब्दांची गरजच नाही. मुलाचे हात असे चालले, की मॅडम घड्याळाकडे बघून नुसत्या हसल्या. त्यांनी विचारलं, कारखान्यावर तू काय करतोस? त्याच्याकडे बघून, सावकाश. तो म्हणाला, वाढं विकतो. उसाचे शेंडे, जनावरांना घालतात. भाव काय? रुपयाला दोन पेंढ्या. पंधरा घेतल्या तर?

"साडेसात होत्यात," तो म्हणाला. "पण पंधरा घेतल्यावर आई सातच घेती."

ज्या मुलाला वर्गात बेरीज येत नाही असं मी म्हणत होते, त्याने भागाकार करून वर गिऱ्हाइकाला सूट दिली होती.

परतताना मॅडम मला एवढंच म्हणाल्या, "बाई, अडुसष्ट हा आकडा खोटा नाही. तो आजचा आहे. न ऐकू येणाऱ्या आणि अर्धं वर्ष शाळेबाहेर असणाऱ्या मुलाचा आहे. आकडा आल्यावर आमचं काम सुरू होतं. लोकांना वाटतं, ते संपलं." त्यांनी अहवालात बुद्ध्यंक न लिहिता 'आधी कान तपासावेत, वर्षभर नियमित शाळेनंतर पुन्हा कसोटी घ्यावी' असं लिहिलं.

त्यानंतर मॅडमशी माझी ओळख वाढली. पुण्याला गेले की त्यांच्याकडे जाई. शाळा न मिळालेल्या मुलांची बुद्धी कशी पारखायची, हा त्यांच्या आयुष्यभराच्या अभ्यासाचा विषय होता. आपल्याकडे या प्रश्नाशी झटलेल्या माणसांची नावं मी त्यांच्या तोंडूनच ऐकली. उत्तर प्रदेशात चंद्रमोहन भाटिया यांनी १९५५ साली ठोकळे, चित्रं, आकृत्या यांची कसोटी घडवली, ती लिहिता-वाचता न येणाऱ्यांनाही देता यावी म्हणून. नागपूरला डॉ. आर्थर मालिन यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस वेश्लर यांची मुलांची कसोटी इंग्रजीबरोबर हिंदी-मराठीतही आणली. त्याच मालिन यांनी 'व्हाइनलंड' सामाजिक परिपक्वता श्रेणी भारतीय घरांसाठी बेतली. मला ही श्रेणी फार शहाणी वाटते. तिच्यात मुलाला प्रश्न विचारतच नाहीत. मूल स्वतःच्या हाताने जेवतं का, गुंड्या लावतं का, सांगितलेलं काम करतं का, एकटं शेजारी जातं का, हे आईला विचारतात. शाळेने न पाहिलेलं मूल आईने पाहिलेलं असतं.

आता दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर वाचकांचा समज होईल की या कसोट्या म्हणजे गरिबांवरचा अन्यायच. तसं नाही. सावेडीला आमच्या शेजारी एक मुलगी आहे. तिला खरोखरच बौद्धिक अक्षमता आहे. तिच्या आईवडिलांनी अनेक वर्षं 'होईल मोठी झाल्यावर शहाणी' म्हणत घालवली. मुलगी शाळेत मार खात होती, घरात बोलणी खात होती. रीतसर तपासणी झाली, दाखला मिळाला, तिला झेपेल असं शिक्षण सुरू झालं आणि त्या घरातला आरडाओरडा थांबला. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात एकवीस प्रकारची दिव्यांगत्वं धरली आहेत आणि आरक्षणासारखे लाभ मिळायला किमान चाळीस टक्क्यांचा दाखला लागतो. अशा मुलांसाठी तो आकडा म्हणजे हक्काची किल्ली असते.

म्हणूनच माप नीट हवं. आणि इथेच मॅडमना शेवटपर्यंत रुखरुख होती. कामतांची कसोटी १९३४ सालची. पुस्तकाच्या पुढे आवृत्त्या निघाल्या. पण आजच्या मुलाची तुलना अजूनही बरीचशी त्या काळच्या मुलांशी होते. जेम्स फ्लिन यांनी १९८४ साली दाखवून दिलं, की अमेरिकेत १९३२ ते १९७८ या काळात लोकांचे बुद्ध्यंक सुमारे चौदा गुणांनी वाढले होते. शिक्षण, आहार, चित्रांची सवय यांमुळे पिढी बदलते आणि जुन्या मापाने मोजलं तर आजचं मूल आहे त्यापेक्षा हुशार दिसतं. गंमत वाटेल, पण काठावरच्या मुलाला याची किंमत मोजावी लागते. त्याचा आकडा सत्तरच्या वर जातो आणि दाखला हुकतो. निमहान्सच्या अभ्यासकांनीही अलीकडे या कसोटीची सविस्तर चिकित्सा केली आहे. नव्या कसोट्या आल्या आहेत. पण त्या महाग आहेत आणि तालुक्याच्या गावापर्यंत पोचायला त्यांना वेळ लागतो.

शिवाय रेघ तरी कोणी आखलेली? अमेरिकेतल्या तज्ज्ञांच्या संघटनेच्या व्याख्येत पूर्वी ती पंच्याऐंशीच्या आसपास होती. १९७३ साली ती सत्तरवर आणली आणि त्या दिवशी असंख्य माणसं, त्यांच्यात तसूभरही बदल न होता, 'मंद' या वर्गातून बाहेर पडली. २०१३ पासून तिथल्या मनोविकारांच्या वर्गीकरणात अक्षमतेची तीव्रता नुसत्या बुद्ध्यंकावर न ठरवता, रोजच्या जगण्यात माणसाला किती आधार लागतो यावरून ठरवतात. मालिन यांच्या श्रेणीतले आईला विचारायचे प्रश्न तेच तर सांगत होते.

पालकांना आणि माझ्या शिक्षक बंधुभगिनींना एवढंच सांगावंसं वाटतं. मूल मागे पडत असेल तर लपवू नका आणि घाईने नावही ठेवू नका. आधी कान आणि डोळे तपासून घ्या. झोप, जेवण, झटके, घरातली भीती, बुडालेली शाळा, हे सगळं तपासणाऱ्याला मोकळेपणाने सांगा. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतल्या आणि सरकारी शाळेतल्या मुलांची तपासणी होते, ती चुकवू नका. आणि आकडा हातात आला, तर विचारा, कुठली कसोटी, कुठल्या भाषेत, आणि पुढे काय करायचं? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर न देणारा अहवाल अपुरा समजा.

त्या मुलाचं काय झालं, हे विचारलंत तर गोष्टीतल्यासारखं काही झालं नाही. नगरला कानाच्या डॉक्टरांकडे दोनतीन खेपा झाल्या. वाहणं थांबलं, ऐकू येणं थोडं सुधारलं. मी त्याला पहिल्या बाकावर घेतलं आणि फळ्याकडे तोंड करून बोलायची माझी सवय सोडली. तो वर्षभरात वाचू लागला, अडखळत का होईना. एक हंगाम आजीने त्याला गावात ठेवून घेतलं, पुढच्या हंगामात आजी गेली आणि तो पुन्हा टायरगाडीत बसला. ती पुन्हा घ्यायची कसोटी राहूनच गेली. सातवीनंतर शाळा सुटली.

मुख्याध्यापकांच्या सहीने प्रगतिपुस्तकातला तो शब्द मी खोडला होता. खोडला तरी शाईखालून तो वाचता येत होता. गावात त्याला त्या नावाने हाक मारणारी पोरं होतीच. तो शब्द त्यांना कुणी शिकवला होता, ते मला ठाऊक आहे.

काही वर्षांपूर्वी पाथर्डीच्या बाजारात एका ट्रॅक्टरवाल्याने हाक मारली, "बाई!" मी ओळखलं नाही. त्याने मान किंचित कलती केली, माझ्या तोंडाकडे टक लावली आणि मी ओळखलं. आता तो कारखान्यावर ट्रॅक्टर चालवतो. चार-सहा माणसांचा हिशेब त्याच्याकडे असतो. बरोबर एक मुलगी होती, सातआठ वर्षांची.

"हिला नेत नाही हंगामाला," तो म्हणाला. "बहिणीकडं ठेवतो. शाळा बुडवत नाही."

मी मुलीला नाव विचारलं. तिने लगेच सांगितलं, खणखणीत.

"बाई," तो म्हणाला, "हिचे कान दाखवून घेतलेत."